रामलिंगअप्पांचे एक्केचाळीस आवाज

रामलिंगअप्पा बिराजदार खरबवाडीचे पोस्टमन होते. मी १९९८ साली त्यांच्या भागातल्या उपडाकघरात कारकून म्हणून रुजू झाले आणि पुढची वीस वर्षं जवळजवळ रोज सकाळी त्यांच्या हातात टपालाची पिशवी दिली. सायकल भिंतीला टेकवायची, चपला बाहेर काढायच्या, "नमस्कार मॅडम" म्हणायचं, सही करायची आणि निघायचं, एवढाच आमचा व्यवहार. चपला काढू नका, हे देऊळ नाही, असं मी पहिल्याच महिन्यात त्यांना सांगितलं होतं. "सवय हाय," ते म्हणाले, आणि माझ्या निवृत्तीच्या दिवसापर्यंत चपला बाहेरच काढत राहिले.

आजची खरबवाडी माळावर आहे. सरळ रस्ते, एकसारखी घरं, घरांवर नंबर. जुनं गाव तिथून तीन किलोमीटरवर नदीच्या अंगाला होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते सगळं पडलं. तिथं आता बाभळी आहेत, आणि गेलेल्यांच्या नावांचा एक स्तंभ.

त्या दिवसांत अप्पांनी काय केलं, हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. गावातल्या दोघातिघांकडून कळलं. भूकंप झाला तेव्हा अप्पा पाच दिवसांपासून बसवकल्याणला होते. ती त्यांची सासुरवाडी. मेव्हण्याकडं कार्य होतं म्हणून बायको मल्लम्मा आणि तीन वर्षांची वर्षाराणी यांना घेऊन गेले होते. सकाळी रेडिओवर ऐकलं आणि मिळेल त्या ट्रकनं दुपारपर्यंत गावात पोचले. गल्ल्या राहिल्या नव्हत्या. नुसता दगडमातीचा ढीग होता, आणि लष्कराचे जवान नि बाहेरगावची पोरं तो उपसत होती. कुठल्या ढिगाखाली घर आहे, घरात माणसं किती, कुणालाच सांगता येत नव्हतं. जे वाचले होते त्यांचं डोकं चालत नव्हतं.

अप्पांना सांगता येत होतं. रोज त्याच वाटेनं टपाल वाटलेलं. वेशीपासून सुरू करून ते उंबऱ्याउंबऱ्याशी उभे राहत गेले. हे अमक्याचं, माणसं सहा, म्हातारी मागच्या खोलीत झोपते. हे तमक्याचं, घरात कुणी नाही, सगळे पुण्याला असतात, इथं वेळ घालवू नका. दुसऱ्या दिवशी एका जवानानं विचारलं, तुमचं घर कुठलं? "येतंय," अप्पा म्हणाले, "आजून दोन गल्ल्या हायत." त्या घरात त्यांची आई आणि धाकटा भाऊ होता. दोघंही गेले होते.

नंतर कितीतरी महिने मेलेल्या माणसांच्या नावानं पत्रं येत राहिली. परगावच्या नातेवाइकांनी आधी टाकलेली, कुणी काही कळावं म्हणून मुद्दाम टाकलेली. नियमाप्रमाणे शेरा मारून परत पाठवायची. अप्पांनी ती सगळी शेरा मारून परत पाठवली.

ते २०२० साली निवृत्त झाले. त्याच्या दोन वर्षं आधी मीही निवृत्त होऊन लातूरला आले होते. फोनवर कधीमधी बोलणं व्हायचं. एक दिवस त्यांनी सांगितलं की ते एक काम करतायत. नव्या गावातल्या एका नवरीनं त्यांना विचारलं होतं, जुन्या गावात आमचं घर कुठं होतं? सासऱ्याला आठवत नव्हतं, नवऱ्याचा जन्मच नंतरचा. अप्पांनी तिला घर सांगितलं, दार कुठल्या अंगाला होतं ते सांगितलं, आणि घरी येऊन विचार करत बसले. "मी गेल्यावर कुणाला इचारतील?" ते मला म्हणाले.

वर्षाराणी आता नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना बापाला दिला. मराठी टायपिंग शिकवलं, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून वायरनं लॅपटॉपमध्ये कसा घ्यायचा ते शिकवलं. मोबाइल साधा होता, त्यात फार मावायचं नाही. म्हणून एक रेकॉर्डिंग लॅपटॉपमध्ये उतरलं की अप्पा मोबाइलमधलं पुसून टाकायचे. "अण्णा, एका पेन ड्राइव्हमध्ये पण ठिवत जावा," असं तिनं बापाला सांगितलं होतं. अप्पा हाव म्हणाले होते. ते राहून गेलं.

दोन वर्षांत त्यांनी एक्केचाळीस माणसांचे आवाज घेतले. सगळी साठी ओलांडलेली. कुणी खरबवाडीतच, कुणी मुरुडला, कुणी उदगीरला मुलीकडं. प्रत्येकाला ते एकच विचारायचे: तुमच्या घरात शिरलं की पहिल्यांदा काय दिसायचं? तिथून माणूस आपोआप बोलायला लागायचं. गुणाबाई नावाच्या म्हातारीनं ओसरीपासून परसापर्यंत नेऊन सासरची अकरा माणसं एकेक करून सांगितली, आणि दोन महिन्यांनी ती वारली. मल्लम्माचाही आवाज घेतला होता. एक तास दहा मिनिटं. तीही पुढच्या वर्षी काविळीनं गेली.

रात्री डोळे दुखायचे, म्हणून अप्पा सकाळी टायपिंगला बसायचे. एका माणसाची एक फाइल. एकदा वीज गेली आणि बॅटरीही संपली तेव्हा साठवायची राहिलेली तीन पानं उडाली. तेव्हापासून त्यांच्या मनात भीती बसली, की मिटलं तर जातं. मग ते काहीच मिटेनात. सगळ्या फाइली उघड्या. फोटो उघडे. इंटरनेटवर पाहिलेली पानं उघडी. काम झालं की नुसतं झाकण खाली करायचे.

लॅपटॉप रुतत चालला. अक्षर दाबलं की थोड्या वेळानं उमटायचं. आणि जानेवारीत एका सकाळी पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. अप्पांनी अक्षर लावून वाचलं. मेमरी कमी आहे.

मेमरी म्हणजे काय हे अप्पांना माहीत होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. मोबाइलची मेमरी फुल झाली असं सगळेच म्हणतात, आणि ती फुल झाली की काहीतरी काढून टाकावं लागतं. त्यांनी तेच केलं. पहिल्या दिवशी एक रेकॉर्डिंग काढलं. चौकट पुन्हा आली. कचऱ्याच्या डब्यात पडलेलंही जागा खातं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तो डबाही रिकामा केला. दुसऱ्या दिवशी, ज्यांचं टायपिंग पूर्ण झालं होतं अशी अठरा काढली. मजकूर तर उतरलाय, असा हिशेब. तरी चौकट येतच राहिली. तीन दिवस ते थांबले. मग अर्धी टाइप झालेली आठ काढली. त्यानंतर लॅपटॉप पार थिजला, तेव्हा त्यांनी मला फोन केला.

"मॅडम, लातुरात कम्प्युटर बगणारं कुणी भरवशाचं हाय का?"

मी त्यांना सबिहाकडं नेलं. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान आहे. तिचे वडील जलीलभाई आमच्या पोस्टातले टाइपरायटर दुरुस्त करायचे. ते गेल्यावर त्याच दुकानात सबिहा लॅपटॉप दुरुस्त करते. वय पस्तिशीचं. बोलणं थोडं, हात चालू.

अप्पांनी पिशवीतून लॅपटॉप काढून दोन्ही हातांनी तिच्यापुढं ठेवला. तिनं झाकण उघडलं. पंख्याचा आवाज दुकानभर ऐकू आला.

"अप्पा, हे बंद कधी करता तुम्ही?"

"बंद न्हाई करत. झाकण लावतो."

"किती दिवस झाले?"

"दीड म्हयना असंल."

सबिहानं तीन बटणं एकदम दाबली. बऱ्याच वेळानं पडद्यावर एक यादी आली, शेजारी आकडे. तिनं एका रकान्यावर बोट ठेवलं. "ही मेमरी बघा. सत्त्याण्णव टक्के भरली आहे. सत्तावीस फाइली उघड्या, ब्राउझरमध्ये चौतीस पानं उघडी, अँटिव्हायरस दोन दोन. चार जीबीचं मशीन आहे, त्याला हे झेपत नाही."

"म्हनूनच काढून टाकलं मी," अप्पा म्हणाले. "तरी भरलेलंच हाय."

"काय काढलं?"

"आवाज. रेकॉर्डिंग."

सबिहाचा हात माउसवर थांबला. तिनं दुसरं एक पान उघडून पाहिलं आणि माझ्याकडं बघितलं. मला तेव्हा काहीच कळलं नाही.

"किती काढली, अप्पा?"

"सत्तावीस."

ती खुर्ची सरकवून त्यांच्या बाजूला येऊन बसली. "अप्पा, मशीनमध्ये दोन वेगवेगळ्या जागा असतात. तुमचे आवाज, फाइली, फोटो डिस्कवर राहतात. मशीन बंद केलं तरी ते तिथंच असतं. ती जागा पाचशेची आहे, त्यातली तीनशे वीस रिकामी पडली आहे. मेमरी म्हणतात ती दुसरी. तुम्ही या घडीला जे उघडलेलं असतं, तेवढंच तिच्यात असतं. साठवून मिटलं की ती जागा मोकळी होते. जास्त उघडलं की ती भरते. ती चौकट तिच्यासाठी येत होती."

अप्पा पडद्याकडं बघत राहिले. मग पोस्टातल्या माणसाला समजेल असं त्यांनीच ते लावून घेतलं.

"म्हंजे टपाल लावायचं टेबल भरलं व्हतं. कपाट रिकामं व्हतं."

"हाव."

"आन् मी कपाटातलं काढून टाकलं."

सबिहानं मान हलवली.

"काढल्यानं काई फरक पडला न्हाई?"

"नाही, अप्पा."

"एकानं बी न्हाई?"

"एकानं भी नाही."

अप्पांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि परत घातला. "मेमरी ह्यालाबी म्हणत्यात, त्यालाबी म्हणत्यात," ते म्हणाले. "दोन गोष्टींना एकच नाव कशाला ठिवायचं?"

"माझ्याकडे आठवड्याला कुणी ना कुणी येतं," सबिहा म्हणाली. "मशीन हळू झालं म्हणून लग्नाचे फोटो पुसून. मी पण काय सांगणार."

मग तिनं लॅपटॉपची बॅटरी काढली. डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणारी आहे, हे त्यातल्या त्यात बरं, असं ती म्हणाली. पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मगच जातं. आता लॅपटॉप चालू करायचा नाही. ती डिस्क बाहेर काढून शोधेल. पाच-सहा दिवस लागतील. सगळं मिळेल असं ती सांगत नाही.

अप्पांनी रोज यायची गरज नव्हती. तरी तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते आले आणि दुकानाच्या बाकावर बसले. सबिहानं मला फोन करून सांगितलं म्हणून मीही गेले.

"अजून शोधणं चालू आहे, अप्पा. घरी थांबला असता तर चाललं असतं."

"त्याच्यासाठी न्हाई आलो. मला हे समजावून सांगा. काय उगडलं की किती भरतं. आता मला समजलंच पायजे."

तिनं दुकानातला एक लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप अशी तीन बटणं एकदम दाबायला शिकवली. अप्पांनी डायरी काढली. नुसतं मशीन चालू आहे, तेव्हा चाळीस टक्के. लिहायची एक फाइल उघडली, चव्वेचाळीस. ब्राउझर उघडला, पंचावन्न. त्यातली पानं वाढवत नेली तसे आकडे वाढत गेले आणि अप्पा एकेक लिहून घेत राहिले. मग त्यांनी एक फाइल मिटली, पुन्हा उघडली, सगळा मजकूर जागेवर आहे ना ते वरपासून खालपर्यंत वाचून बघितलं. पुन्हा मिटली. असं त्यांनी पाच-सहा वेळा केलं. सबिहानं त्यांना घाई केली नाही.

"ही ओळ कुणाची?" त्यांनी विचारलं. "हे तर मी उगडलं न्हाई."

"काही प्रोग्राम मशीन चालू झालं की आपोआप सुरू होतात. तुमच्यात पण सात होते. मुलीनं तिच्या कामासाठी टाकले असतील."

"ते बंद केल्यानं काई जातं?"

"काही जात नाही."

तेही त्यांनी डायरीत लिहिलं, खाली रेघ मारली.

सहाव्या दिवशी सबिहानं मला आधी फोन केला. अप्पांच्या बरोबर तुम्ही या, एवढंच म्हणाली. आम्ही गेलो तेव्हा तिनं दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं होतं. सत्तावीसपैकी सतरा आवाज पूर्ण मिळाले होते. तीन तुटक होते, मधले मधले तुकडे गेलेले. सात मिळाले नव्हते.

तिनं पहिल्यांदा गुणाबाईचा आवाज लावला. म्हातारी खोकली, मागं कुठंतरी शेळी ओरडली, आणि ती आपल्या दिराचं नाव सांगायला लागली. मग जावेचं. मग जावेच्या पोरांची. अप्पा उभे राहून ऐकत होते. अकरावं नाव आलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "झालं. पुरं हाय."

मग डायरीतली यादी काढून ते एकेक नाव विचारत गेले. सबिहा हो किंवा नाही सांगत गेली.

"मल्लम्माचं?"

"नाही आलं, अप्पा. ते सगळ्यात आधी काढलं होतं. त्यानंतर तुम्ही आठवडाभर लिहीत होता, आणि मेमरी पुरेना की मशीन स्वतः पण डिस्कवर लिहीत बसतं. त्यातच ती जागा गेली."

"बरं," अप्पा म्हणाले. त्यांनी त्या नावापुढं फुली मारली. "भीमाचं?"

"नाही."

"माणिकप्पाचं?"

"ते पण नाही."

यादी संपेपर्यंत त्यांचा आवाज एकसारखा होता. सबिहानं सगळं एका पेन ड्राइव्हवर भरून दिलं, आणि एक प्रत दुकानातही ठेवू का, असं विचारलं. अप्पांनी हात जोडले.

स्टँडवर एसटीला वेळ होता. आम्ही बाकड्यावर बसलो. मी विचारलं, की वहिनींचा आवाज सगळ्यात आधी का काढला.

"घरचा व्हता," ते म्हणाले. "बाकीचे आवाज गावाचे. ते काढायचा मला हक न्हवता. काई काढायचंच हाय तर आधी घरचं काढावं म्हनलं." मग म्हणाले, "एकदा शेवटचं ऐकावं असं वाटलं व्हतं. पन ऐकलं असतं तर काढणं झालं नसतं. म्हणून न्हाई ऐकलं."

तेवढ्यात एसटी लागली, ते उठले.

"वर्षाराणीला सांगितलं का?" मी विचारलं.

"न्हाई."

"सांगा, अप्पा."

त्यांनी फोनवर सांगितलं नाही. ती दोन दिवसांची रजा काढून आली तेव्हा समोर बसवून सांगितलं. मी त्या दिवशी खरबवाडीला गेले होते, कारण अप्पांनीच या म्हणून सांगितलं होतं. वर्षाराणीनं सगळं ऐकून घेतलं. लॅपटॉप मीच दिला, माझे प्रोग्राम मीच त्यात ठेवले, असं काहीतरी ती सुरुवातीला बोलली. अप्पांनी तिला थांबवलं. मग ती उठून मागच्या दारात जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं आत आली, तोंड धुतलेलं होतं.

"टाइप केलेलं दाखवा," ती म्हणाली.

अप्पांनी फाइल उघडली. तीन पानं होती. वर्षाराणी वाचायला लागली: "माझ्या सासूबाई पहाटे उठून चूल पेटवीत असत." ती तिथंच थांबली.

"अण्णा, हे आई बोलली?"

"हाव."

"अशी? आई सासूबाई म्हणायची? अत्ती म्हणायची ती. मरेपर्यंत अत्तीच म्हणली." अत्ती म्हणजे कानडीत सासू. मल्लम्माला मराठी लग्नानंतर आलं आणि तिचं मराठी शेवटपर्यंत अर्धं कानडीच राहिलं.

"ते मी शुद्ध करून लिवलं," अप्पा म्हणाले. "सगळ्यांचंच तसं लिवलंय. छापायचं म्हणून."

ती खुर्ची ओढून बापाच्या शेजारी बसली आणि त्या ओळीतलं "सासूबाई" खोडून तिनं "अत्ती" लिहिलं. पुढची ओळ वाचली. "असं न्हाई. हे ती असं म्हणली असंल," असं म्हणून मोठ्यानं आईच्या चालीवर बोलून दाखवलं. अप्पांनी ऐकलं आणि एक शब्द बदलायला सांगितला. अशी ती दोघं तीन पानांवर दुपारभर बसली. मध्ये एकदा एका शब्दावर दोघंही हसली. तो शब्द कानडी होता, मला कळला नाही, आणि मी विचारलाही नाही.

जुन्या घरात चुलीशेजारी भिंतीत एक खोबण होती, तिथं अप्पांची आई दिवा ठेवायची. अप्पांनी टाइप करताना "कोनाडा" लिहिलं होतं.

"कोनाडा न्हाई म्हणायची आई," वर्षाराणी म्हणाली.

"आमी देवळी म्हणतो. ती तेबी म्हणत न्हवती. येगळंच काईतरी म्हणायची."

"काय?"

दोघांनाही आठवेना. बसवकल्याणला मामाला फोन लावून झाला. मामानं सांगितलेला शब्द ऐकून दोघंही म्हणाले, हा नाही. शेवटी तिथं जागा मोकळी ठेवून ते पुढं गेले.

अप्पांनी मग बाकीचंही सगळं पुन्हा करायला घेतलं. जे आवाज होते ते पुन्हा ऐकून, माणूस जसं बोललं तसंच लिहायचं, म्हणून. आता सकाळी लॅपटॉप चालू करून एका वेळी एकच फाइल उघडतात. आवाजाच्या तीन प्रती आहेत, एक त्यांच्याकडं, एक वर्षाराणीकडं, एक सबिहाच्या दुकानात. भीमाचा आवाज गेला तो गेला. तो माणूसही आता नाही. त्याचं अर्धं टाइप झालेलं तेवढंच आहे. पण गेलेल्या सातातली पाच माणसं हयात होती. अप्पा त्या पाचही जणांकडं गेले आणि माझ्या चुकीनं तुमचा आवाज गेला, पुन्हा सांगा, असं प्रत्येकाला म्हणाले.

शेवटचे राहिले होते माणिकप्पा. ते उदगीरला मुलीकडं असतात. वय चौऱ्याऐंशी. ते रेकॉर्डिंग अप्पांनी मला नंतर ऐकवलं. सुरुवातीला माणिकप्पा कुरकुरतात, मागं सगळं सांगितलं की, म्हणतात. मग अप्पांचा आवाज येतो, "घरात शिरलं की पहिल्यांदा काय दिसायचं?" माणिकप्पा ओसरी सांगतात, बैल सांगतात, धान्याची कणगी सांगतात. मग घरात त्या दिवशी कोण कोण होतं ते सांगायला लागतात. बायको. दोन मुलगे. थोरली लेक शांता, बाळंतपणाला आलेली. मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येतो.

"शांताची पोरगी," माणिकप्पा म्हणतात.

"शांताला पोरगी झालती?" अप्पा विचारतात. "मागल्या बारीला तुमी चारच सांगितली."

"चारच सांगितली. स्तंभावर बी चारच हायत. तुमी बसवकल्याणला गेलता तवा झाली. चार दिसांची व्हती."

"नाव?"

"बारसं व्हायचं व्हतं."

मग अप्पा हळू विचारतात, "लिवू का?"

"लिवा," माणिकप्पा म्हणतात. "शांताची पोरगी असं लिवा."